नोंदणी ऐच्छिक, मग अपील कशाला?

कॉपीराइट नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे दिसतात. पहिली हवालदिल होतात. हक्कच गेला असे समजून पटकथेचे बाड किंवा लेबलाचे चित्र कपाटात टाकून मोकळी होतात. त्यांची समजूत चुकीची आहे, पण ती दूर करायला पाच मिनिटे पुरतात. दुसरी तऱ्हा जाणकारांची. त्यांत वकील असतात, प्रकाशक असतात, चित्रपट व्यवसायातली मुरलेली मंडळी असतात. ती म्हणतात, कॉपीराइट निर्मितीबरोबरच जन्माला येतो, नोंदणी ऐच्छिक आहे, नोंद नसली तरी दावा चालतो. मग एका कागदासाठी हायकोर्टात अपील कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण तोंडी लावायला असतेच. मला खंडन करायचे आहे ते या दुसऱ्या मताचे. ते अडाणी नाही, म्हणूनच त्याला वेळ द्यावा लागतो.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ४४ प्रमाणे नोंदवही ठेवली जाते, कलम ४५ प्रमाणे लेखक, प्रकाशक, मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती नोंदीसाठी अर्ज करू शकते. करायलाच हवा असे कायदा कुठेही म्हणत नाही. हे अनवधानाने राहिलेले नाही. १९५५ च्या मूळ विधेयकात नोंदणीशिवाय दावा लावता येणार नाही अशी तरतूद होती. संसदेच्या संयुक्त समितीने ती काढून टाकली. शिवाय भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य आहे, आणि हक्काचा उपभोग कोणत्याही औपचारिकतेवर अवलंबून ठेवायचा नाही हे त्या कराराचे मूलतत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१२ साली, धीरज देवाणी विरुद्ध सोनल इन्फो सिस्टिम्स या सॉफ्टवेअरच्या खटल्यात, नोंदणी सक्तीची आहे असा निकाल दिला तेव्हा खळबळ उडाली होती. ९ मार्च २०२१ रोजी न्या. गौतम पटेल यांनी संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या खटल्यात तो प्रश्न निकाली काढला. वाद होता सोयाबीन तेलाच्या लेबलाचा. २०१२ चा निकाल याच न्यायालयाचे आधीचे निकाल नजरेआड करून दिला गेला, त्यामुळे तो पाळण्याचे बंधन नाही, आणि दावा लावण्यासाठी नोंदणी लागत नाही, असे त्यांनी सविस्तर कारणे देऊन सांगितले. तेव्हापासून ‘अपील कशाला’वाल्यांचा आवाज चढला आहे.

इथवर माझी काही तक्रार नाही. संजय सोयाचा निकाल बरोबरच आहे. घोटाळा होतो तो त्यापुढच्या उडीत. नोंदणी ऐच्छिक आहे, म्हणून नकार निरुपद्रवी आहे, असे अनुमान काढले जाते. नोंद नसणे आणि नोंद नाकारली जाणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ज्याने कधी अर्जच केला नाही त्याच्याबद्दल कुणी काहीही ठरवलेले नसते. ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्याच्याबद्दल मात्र साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार (कलम ७४) असलेल्या एका अधिकाऱ्याने लेखी निष्कर्ष काढलेला असतो: ही कृती मौलिक नाही, किंवा ती कलाकृती या व्याख्येत बसत नाही, किंवा तू तिचा मालक दिसत नाहीस. संजय सोयाच्या निकालात पहिल्या अवस्थेचा विचार आहे. दुसऱ्या अवस्थेला तो तसाच्या तसा लावणे हा तर्कशास्त्राच्या भाषेत हेत्वाभास झाला.

ऐच्छिकता कुणाची, हेही पाहायला हवे. अर्ज करावा की न करावा ही अर्जदाराची मर्जी. एकदा अर्ज आला, शुल्क भरले गेले, की रजिस्ट्रारला मर्जी उरत नाही. २०१३ च्या नियमांतला नियम ७० त्याला बांधून टाकतो. अर्ज नमुना १४ मध्ये, सोबत तपशिलाची विवरणपत्रे. साहित्यकृतीला किंवा साध्या कलाकृतीला शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायच्या कलाकृतीला २,०००. हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाला अर्जदाराने नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींची वाट पाहायची, आणि अर्ज फेटाळायचा असेल तर त्याआधी अर्जदाराला सुनावणी द्यायची. डायरी नंबर मिळाला, त्रुटिपत्र आले, उत्तर गेले, सुनावणी झाली, आदेश निघाला: या सगळ्याला कायदेशीर कार्यवाही म्हणतात. आणि तिच्या शेवटी असलेल्या आदेशाविरुद्ध कलम ७२ प्रमाणे तीन महिन्यांत अपील आहे. ते पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे जात असे, २०१७ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, आणि २०२१ मध्ये ते मंडळच गुंडाळले गेल्यावर थेट उच्च न्यायालयाकडे, एका न्यायमूर्तींपुढे. तिथून पुन्हा खंडपीठाकडे. नोंद इतकी फुटकळ असती तर संसदेने तिच्यासाठी अपिलाच्या दोन पायऱ्या कशाला बांधल्या असत्या?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मुद्दा सातबाऱ्यावरून चटकन उमगेल. सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे, हे चावडीवर बसणारा कुणीही सांगतो, आणि कायद्याने ते खरेच आहे. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, ती खरेदीखताने, वाटपाने, वारशाने मिळते. पण मंडळ अधिकाऱ्याने फेरफार नामंजूर केला तर ‘नोंदीने कुठे मालकी ठरते’ म्हणून घरी झोपणारा शेतकरी दाखवा. तो प्रांताकडे अपिलात जातो, कारण त्याला ठाऊक असते की महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. उद्या बँकेत, सोसायटीत, भावकीच्या दाव्यात ज्याच्या नावाची नोंद आहे तो बसून राहील आणि ज्याच्या नावाची नाही त्याला पुरावे गोळा करत फिरावे लागेल. कॉपीराइट कायद्याचे कलम ४८ याच जातीचे आहे. नोंदवहीतल्या तपशिलांचा ती नोंदवही प्रथमदर्शनी पुरावा आहे आणि तिचा रजिस्ट्रारने प्रमाणित केलेला उतारा कोर्टात मूळ कागद न आणता चालतो. हक्क तिने जन्मत नाही, पण पहिला पुरावा कुणी द्यायचा हे तिने ठरते.

आणि कॉपीराइटच्या दाव्यात पहिला पुरावा हीच बहुतेक वेळा सगळी लढाई असते. दावा वर्षानुवर्षे चालतो. प्रत्यक्षात निकाल लागतो तो पहिल्या काही दिवसांत, अंतरिम मनाई मिळते की नाही त्यावर. दिवाळीच्या तोंडावर कुणी तुमच्या मिठाईच्या खोक्याचे चित्र हुबेहूब उचलले, तर खटल्याचा अंतिम निकाल तुम्हाला काय कामाचा? मनाई हवी असते ती त्याच आठवड्यात, आणि न्यायमूर्तींसमोर तुम्ही उभे असता मोजक्या कागदांनिशी. त्या वेळी नोंदीचा उतारा हातात असणे निराळे, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाने तुमचाच फेटाळलेला अर्ज पुढे सरकवणे निराळे. तो आदेश न्यायालयाला बांधत नाही, मान्य. पण ‘वादीने हा आदेश स्वीकारला, अपील केले नाही’ हे वाक्य त्या सकाळी जे काम करते त्याला ‘बांधत नाही’ हे उत्तर तोकडे पडते.

फौजदारी बाजूनेही तेच. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो प्रकरणात स्पष्ट केले. कलम ६४ प्रमाणे फौजदारांना वॉरंटशिवाय नकली प्रती जप्त करता येतात आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. कागदावर नाही. पण ठाण्यात गेल्यावर मौलिकतेची चर्चा कोण करणार? सर्टिफिकेट आहे का, एवढाच प्रश्न येतो.

आता पूर्वपक्षाचे राहिलेले दोन डाव. एक असा की अपिलाऐवजी नवा अर्ज टाकावा. शुल्क पाचशेच तर आहे. हरकत त्रुटीची असेल, म्हणजे ना-हरकत पत्र राहिले, विवरणपत्रात तारीख चुकली, सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने जोडायची राहिली, तर हा सल्ला उत्तमच. तिथे अपील करणारा वेळ घालवतो. पण नकार गुणवत्तेवर असेल तर नव्या अर्जात तीच कृती त्याच कारणाशी येऊन ठेचकाळणार. मग अर्जदार शब्द फिरवू लागतो, मालकीच्या तारखा जरा सोयीच्या लिहितो, संगणकाने केलेल्या कामावर आपले नाव जरा ठळक घालतो. नोंद मिळतेही. पण खोटी नोंद करवणे हा कलम ६७ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि कलम ५० प्रमाणे कुणीही बाधित व्यक्ती ती नोंद उच्च न्यायालयाकडून पुसून घेऊ शकते. अपील टाळण्याची ही फार महाग युक्ती झाली.

दुसरा डाव अधिक विद्वत्तेचा आहे. कलम ५० मध्येच चुकीने गाळलेली नोंद करून घेण्याचीही तरतूद आहे आणि तिला तीन महिन्यांची मर्यादा नाही; मग अपिलाची घाई का? तरतूद आहे खरी. पण ‘गाळलेली’ नोंद आणि विचारपूर्वक ‘नाकारलेली’ नोंद यांत फरक करायला कोर्टाला वेळ लागणार नाही. ज्या आदेशाला कायद्याने नेमके अपील दिले आहे ते मुदतीत न करता मागच्या दाराने आलेल्याला कोणता न्यायाधीश हसतमुखाने आत घेईल? सुनावणीच न देता अर्ज फेटाळला असेल तर अनुच्छेद २२६ खाली रिटचा मार्ग आहे. नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल तिथे पर्यायी उपायाची आडकाठी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये व्हर्लपूल प्रकरणात, ट्रेडमार्क रजिस्ट्रारच्याच संदर्भात, सांगितले आहे. पण तो अपवाद आहे.

अपिलाने मिळते काय, हे पाहायचे तर जरा लांब, अमेरिकेला जावे लागेल. तिथली व्यवस्था आपल्याहून कडक. अमेरिकन कृतीच्या मालकाला नोंदणी मिळाल्याशिवाय किंवा नाकारली गेल्याशिवाय दावाच लावता येत नाही. नुसता अर्ज करून भागत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फोर्थ इस्टेट खटल्यात एकमताने ठरवले. त्यामुळे नकाराशी झुंजण्याचा अनुभव तिथे मोठा आहे. त्यातला अटारी विरुद्ध ओमन हा खटला मला सगळ्यांत बोधक वाटतो.

अटारीचा ‘ब्रेकआउट’ हा व्हिडिओ गेम १९७६ चा. पडद्याच्या वरच्या बाजूला रंगीत विटांची भिंत, खाली एक आडवी फळी, मध्ये एक चेंडू. चेंडू आपटून विटा फोडायच्या. कॉपीराइट कार्यालयाने १९८७ साली नोंद नाकारली. कारण उघड वाटेल असेच होते: यात आहे काय? आयत, रेघा, एक ठिपका. भूमितीचे साधे आकार कुणाच्या मालकीचे नसतात. जिल्हा न्यायालयाने कार्यालयाची बाजू उचलून धरली. आपले ‘अपील कशाला’वाले तिथेच थांबले असते. अटारी वरच्या न्यायालयात गेली. १९८९ मध्ये तिथे निकाल लिहिला तो रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. त्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि फोर्थ इस्टेटचा निकालही त्यांच्याच हातचा. त्यांनी गेम मौलिक आहे असे म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या की कार्यालयाने सुटे सुटे पडदे पाहिले, गेमचा सलग प्रवाह पाहिला नाही, आणि नकाराची कारणे नीट उलगडत नाहीत. फाइल परत जाऊ दे. कॉपीराइट कार्यालयाचे प्रमुख राल्फ ओमन यांनी फाइल पुन्हा पाहिली आणि पुन्हा नकार दिला. अटारी पुन्हा हरली, पुन्हा वर गेली.

दरम्यान १९९१ चा फाइस्ट निकाल आला होता. टेलिफोन डिरेक्टरीतल्या नावांच्या यादीत मौलिकता नाही, असे सांगतानाच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मौलिकतेसाठी लागणारी सर्जनशीलता किती थोडी असते हेही सांगून टाकले होते. १९९२ च्या दुसऱ्या निकालात गिन्सबर्ग यांनी ‘ब्रेकआउट’कडे त्या नजरेने पाहिले. चेंडू गोल नाही, चौकोनी आहे. फळी खेळताना आखूड होते. विटांच्या थरांचे रंग निवडलेले आहेत, आघाताचे आवाज वेगवेगळे आहेत, चेंडूचा वेग आणि उसळी खऱ्या जगातल्या चेंडूसारखी नाही. एकेक घटक साधा. पण हे घटक असेच एकत्र यावेत असा निसर्गाचा किंवा भूमितीचा नियम नाही, कुणीतरी ती निवड केली. कार्यालयाचा नकार या कसोटीला उतरत नाही, म्हणून फाइल पुन्हा फेरविचारासाठी परत गेली.

न्यायालयाने स्वतः नोंद करून दिली नाही, हे लक्षात घ्यायला हवे. अपिलातून मिळाले ते एवढेच की नाकारणाऱ्याला आपली कसोटी उघड्यावर मांडावी लागली आणि ती चुकीची ठरली. पण ते ‘एवढेच’ थोडे नव्हे. शिवाय तिथले न्यायालय अधिकाऱ्याचा निर्णय अविवेकी आहे का एवढेच तपासते. आपल्या कलम ७२ मध्ये असा आखडता हात नाही. अपील म्हणजे अपील. मौलिकतेची आपली कसोटीही, ईस्टर्न बुक कंपनीच्या २००७ च्या निकालापासून, नुसते श्रम पुरेसे नाहीत पण सर्जनशीलतेचा किमान अंश पुरतो, अशीच आहे. तेव्हा ‘यात विशेष काही नाही’ अशा धर्तीचा नकार आपल्याकडे अपिलात टिकणे त्याहून अवघड असायला हवे.

म्हणून प्रत्येक नकारावर अपील ठोका असे मी म्हणत नाही. काही नकार रास्त असतात. नुसते शीर्षक नोंदवायला गेलात तर परत येणारच. ‘देसी बॉइज’ या शीर्षकाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली शीर्षकात कॉपीराइट नसतो हे पक्के केले. (त्या प्रकरणात लेखकाने कथासार चित्रपट लेखकांच्या संघटनेकडे नोंदवले होते. ती नोंद कलम ४४ ची नोंद नव्हे. मराठी पटकथाकारांत हा गोंधळ इतका सर्रास आहे की दोन्हींना ‘रजिस्टर केलंय’ हेच क्रियापद लागते.) कल्पना, पाककृती, पद्धती यांचेही तसेच. मालाच्या घडणीचे चित्र डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगे असेल आणि त्या मालाच्या पन्नासहून जास्त प्रती कारखान्यात निघाल्या असतील, तर कलम १५ आडवे येते. तिथे अपिलाआधी चांगला सल्ला घ्यावा.

पण हरलेले अपीलही वाया जातेच असे नाही. ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या अक्षरमुद्रेचे प्रकरण पाहा. ही अक्षरवळणे कलाकृती म्हणून नोंदवायला नकार मिळाला, प्रकरण कॉपीराइट मंडळापुढे गेले आणि २००२ मध्ये मंडळानेही नाहीच म्हटले. अर्जदार हरला. पण टाइपफेसला आपल्या कॉपीराइट कायद्यात जागा नाही, हे कारणांसह लिहिले गेले. देवनागरीचे फाँट करणाऱ्यांना तेव्हापासून निदान हे ठाऊक आहे की आपले संरक्षण फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये, परवान्याच्या करारात किंवा डिझाइन नोंदणीत शोधायचे. अक्षराच्या वळणासाठी पुन्हा तोच दरवाजा ठोठावण्यात अर्थ नाही.

उलट बाजूचे उदाहरण ‘सूर्यास्त’चे. दिल्लीच्या एका वकिलांनी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो ‘राघव’ नावाच्या एआय प्रणालीला दिला, सोबत व्हॅन गॉचे ‘स्टारी नाइट’ शैलीसाठी दिले. निघालेल्या चित्राची २०२० मध्ये भारतात नोंद झाली, राघव आणि ते वकील असे दोन सहलेखक दाखवून. वर्षभराने कार्यालयाने नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. त्याच चित्रासाठी त्यांनी अमेरिकेत अर्ज केला. जून २०२२ मध्ये नकार आला, त्यांनी फेरविचार मागितला, नंतर दुसरा फेरविचार, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या पुनर्विलोकन मंडळाने अखेरचा नकार दिला. चित्रातले मानवी निर्मितीचे घटक कोणते आणि यंत्राचे कोणते, फोटो निवडणे आणि शैलीचे प्रमाण ठरवणे पुरेसे का नाही, हे त्या नकारात पानोपानी आहे. ‘पाहा, नोंद मिळूनही काढून घेतात, मग तिच्यासाठी भांडायचे कशाला’ असे ‘सूर्यास्त’चे नाव घेऊन सांगणारे मला भेटतात. मी त्यातून उलट अर्थ काढतो. सहज मिळालेली भारतीय नोंद नोटिशीने डळमळली. अमेरिकेतला नकार पायऱ्या चढत गेला, म्हणून एआय वापरणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला आज त्यात वाचण्यासारखे काही आहे.

तर ज्यांच्या हातात गुणवत्तेवर दिलेला नकार आहे त्यांनी आधी आदेश नीट वाचावा. कारण दिले आहे का, सुनावणी झाली का, कसोटी कोणती लावली, आणि कृती पूर्ण पाहिली की तिचे तुकडे पाहिले? अपिलाचे मुद्दे याच चार प्रश्नांतून निघतात; कृती किती सुंदर आहे हे सांगण्यात पाने खर्ची घालू नयेत, मौलिकतेचा आणि सौंदर्याचा कायद्यात संबंध नाही. तीन महिने मोजले जातात ते आदेशाच्या तारखेपासून, तुम्ही तो उघडून वाचल्याच्या तारखेपासून नव्हे. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस तेवढे वजा होतात. म्हणून नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.